हरलेल्या माशाने जायचं कुठे?

प्रवाळखडकावर दिवसभर भांडणं चालू असतात. एक मासा दुसऱ्याच्या अंगावर धावून जातो, दोघं पर ताठ करून एकमेकांसमोर आडवे होतात, शेपटीचे एक-दोन फटकारे बसतात आणि काही क्षणांत त्यातला एक निघून जातो. भांडण तिथेच संपतं. जिवावर बेतण्याची वेळ क्वचितच येते, कारण हरलेल्याला जायला समुद्र पडलेला असतो. तो थोडा लांब गेला की जिंकणाराही शांत होतो. त्याला समोरच्याचा जीव नको असतो, आपली जागा मोकळी झालेली हवी असते.

हेच दोन मासे घरातल्या चार फुटी टाकीत ठेवले की हरलेला पळतो तो काचेपर्यंतच. तिथून वळला की समोर पुन्हा तोच जेता. जेत्याला दिसतं ते एवढंच, की हा अजून आपल्या हद्दीत आहे आणि जायला तयार नाही. म्हणून तो पुन्हा धावून जातो. समुद्रात काही क्षणांत मिटलं असतं ते भांडण टाकीत दिवसचे दिवस चालतं आणि बहुतेकदा हरलेल्याच्या मृत्यूनेच थांबतं.

खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्याने ही एक गोष्ट मनात पक्की धरावी. माशाचा स्वभाव आपण बदलू शकत नाही. भांडणाचा जो शेवट काचेने अडवला, तो काही प्रमाणात त्याला परत देऊ शकतो. टाकीची मांडणी, माशांची निवड, त्यांना सोडण्याचा क्रम आणि नव्या पाहुण्याची ओळख हे सगळे त्याचेच मार्ग आहेत. ते समजून घ्यायचे तर मासा कोणाशी भांडतो, किती अंतरावरून भांडतो आणि कुठे भांडतो, हे आधी पाहायला हवं.

राग सगळ्यांवर सारखा नसतो

ऑस्ट्रियन प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांचं आक्रमकतेवरचं गाजलेलं पुस्तक १९६३ साली आलं. दहा वर्षांनी, १९७३ मध्ये, त्यांना नोबेल पारितोषिकही मिळालं. या पुस्तकाची सुरुवात प्रवाळखडकांवरच्या माशांपासून होते. फ्लोरिडाच्या समुद्रात आणि आपल्या टाक्यांमध्ये लोरेन्झ यांना दिसलं, की हे रंगीबेरंगी मासे वेगळ्या दिसणाऱ्या शेजाऱ्याकडे बरेचदा दुर्लक्ष करतात आणि आपल्याच जातीच्या माशावर मात्र तुटून पडतात. कारण सरळ आहे. आपल्या जातीचा मासा तेच अन्न खातो, त्याला तसंच बीळ हवं असतं, जोडीदारही तसाच हवा असतो. गावात बांधावरून जुंपते ती बहुतेकदा भाऊबंदांतच, कारण दोघांचा डोळा एकाच जमिनीवर असतो. खडकावरही तेच घडतं.

भडक रंग म्हणजे हद्दीच्या मालकीची जाहिरात, असंही लोरेन्झ यांचं म्हणणं होतं. पुढे याला पुष्कळ अपवाद सापडले. भडक रंगांचे कितीतरी बटरफ्लायफिश जोडीने किंवा थव्याने शांतपणे राहतात. पण टाकी ठेवणाऱ्याच्या कामाचा भाग टिकून आहे. जात एक, दिसणं सारखं किंवा खाणं सारखं, यातलं जितकं जास्त जुळेल तितकं भांडण वाढतं.

दिसण्यातलं साम्य किती महागात पडतं, याचं चांगलं उदाहरण म्हणजे रॉयल ग्रामा आणि रॉयल डॉटीबॅक. दोघेही पुढे जांभळे, मागे पिवळे. ग्रामा कॅरिबियन समुद्रातला, डॉटीबॅक पश्चिम प्रशांत महासागरातला. निसर्गात त्यांची गाठ पडणंच शक्य नाही. एका टाकीत आले, की बोटाएवढा डॉटीबॅक ग्रामाला सळो की पळो करून सोडतो. टँग माशांचंही तसंच. पिवळा टँग आणि जांभळा टँग यांचे रंग वेगळे असले तरी शरीराचा आकार एकच आणि खाणंही एकच, शेवाळ. त्यात टँगच्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना धारदार काटा असतो. तो बाहेर काढून शेपूट फिरवली की समोरच्याच्या अंगावर वार उमटतो.

उलट, वेगळं दिसण्याचा फायदाही होतो. एम्परर एंजलफिशचं पिल्लू गडद निळं असतं आणि त्याच्या अंगावर पांढरी वर्तुळं असतात. प्रौढ मासा निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा. दोघं एकाच जातीचे आहेत हे सांगूनही पटत नाही. हान्स फ्रिके या जर्मन शास्त्रज्ञाने मांडलेलं स्पष्टीकरण असं, की या वेगळ्या वेशामुळे पिल्लाला प्रौढांच्या हद्दीत राहता येतं. ते प्रतिस्पर्धी वाटतच नाही.

हद्द केवढी?

हद्दीचं मोजमाप करण्याची एक सुंदर पद्धत १९७४ साली आर्थर मायरबर्ग आणि रोनाल्ड थ्रेशर यांनी वापरली. डॅमसेल हा जेमतेम बोटभर लांबीचा, पण अतिशय तापट मासा. त्याच्या काही जाती खडकावर शेवाळाची शेती राखतात आणि पाणबुड्यालाही चावायला येतात. या दोघांनी पारदर्शक बाटलीत जिवंत मासा ठेवला, ती बाटली समुद्रात डॅमसेलच्या हद्दीकडे हळूहळू सरकवली आणि तो किती अंतरावरून हल्ला करतो ते पाहिलं. आपल्या जातीचा मासा दिसताच डॅमसेल सर्वांत लांबून धावून आला. इतर जातींच्या माशांना त्याने बरंच जवळ येऊ दिलं. म्हणजे हद्द ही एकच ठरलेली रेघ नसते. प्रत्येक पाहुण्यासाठी तिचं अंतर वेगळं असतं.

आता आकडे पाहू. शेवाळ राखणाऱ्या अशा डॅमसेलची हद्द साधारण चौरस मीटरभर असते. चार फूट लांब आणि दीड फूट रुंद टाकीचा तळ भरतो ०.५६ चौरस मीटर. ज्या टाकीत आपण सहा-सात मासे ठेवायचं ठरवतो, ती सबंध टाकी एका डॅमसेलच्या हद्दीपेक्षा लहान असते. त्यातला प्रत्येक मासा त्याच्या दृष्टीने घरात घुसलेला असतो.

यावरून टाकी घेतानाचा पहिला नियम मिळतो. उंचीपेक्षा लांबी-रुंदी महत्त्वाची. हद्द तळावर आणि खडकावर आखली जाते. उंच, अरुंद टाकीत लिटर वाढतात, जागा वाढत नाही. पावडर ब्लू टँग लक्षद्वीप-मालदीवच्या पाण्यातला, दिसायला देखणा म्हणून दुकानात लगेच डोळ्यांत भरणारा. पण तो वीतभर लांब होतो, दिवसभर पोहत राहतो आणि आपल्यासारख्या दिसणाऱ्या माशाला अजिबात सहन करत नाही. सहा फुटांहून लहान टाकीत त्याला आणू नये.

जागेचं बळ

लोरेन्झ यांच्याबरोबरच नोबेल मिळालेले निको टिंबर्गेन स्टिकलबॅक या लहान माशांवर काम करत. विणीच्या काळात नर घरटं बांधतो आणि हद्द राखतो. टिंबर्गेन यांनी एका टाकीतले दोन शेजारी नर दोन काचनळ्यांत घेतले. दोन्ही नळ्या पहिल्याच्या हद्दीत नेल्या, तर पहिला नळीतूनच हल्ला करू पाहायचा आणि दुसरा पळायचा प्रयत्न करायचा. नळ्या दुसऱ्याच्या हद्दीत नेल्या की बरोबर उलट व्हायचं. मासे तेच, ताकद तीच. बदलली होती फक्त जागा.

टाकीत जो आधी येतो, त्याच्या पाठीशी हे बळ असतं. नवा माणूस इथेच पहिली चूक करतो. पूर्वी सर्रास सल्ला मिळायचा, की नव्या टाकीचं पाणी मुरेपर्यंत दोन-तीन डॅमसेल सोडा, ते काटक असतात. काटक तर असतातच. पण आपण शांत मासे आणेपर्यंत सगळी टाकी त्यांच्या मालकीची झालेली असते. आता बाटलीतले जिवाणू आणि अमोनियाचे थेंब वापरून एकही मासा न घालता टाकी तयार करता येते. त्यामुळे त्या सल्ल्याचं कारणच उरलेलं नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा: सर्वांत भित्रा आधी, सर्वांत तापट शेवटी. फायरफिश, छोटे गोबी, कार्डिनल यांना आधी घर मिळू द्यावं. मग ग्रामा, क्लाऊनफिशची जोडी. ड्वार्फ एंजल, सिक्स-लाइन रास किंवा टँग आणायचाच असेल, तर तो अखेरीस. तापट मासा नवखा म्हणून येतो तेव्हा बिचकलेला असतो. तोवर भित्र्यांना आपापली बिळं पाठ झालेली असतात.

क्लाऊनफिशची उतरंड

काही माशांत भांडण टाळण्याची व्यवस्थाच असते. क्लाऊनफिशचा गट एका समुद्रफुलात राहतो. सर्वांत मोठी मादी, तिच्याहून लहान तो प्रजननक्षम नर आणि त्यांच्याखाली क्रमाने लहान होत गेलेले, प्रजनन न करणारे मासे. मादी मेली की नराची मादी होते आणि खालचा एक जण नर होतो. हा बदल एकाच दिशेने होतो. एकदा मादी झालेला मासा पुन्हा नर होत नाही.

पीटर बस्टन यांनी पापुआ न्यू गिनीत या माशांचा अभ्यास करून २००३ साली एक विलक्षण गोष्ट मांडली. खालच्या पायरीवरचा मासा स्वतःची वाढ रोखून धरतो. वरच्यापेक्षा तो ठरावीक प्रमाणात लहानच राहतो, कारण आकारातलं अंतर कमी झालं की तो प्रतिस्पर्धी ठरतो आणि हाकलला जातो. समुद्रफुलाबाहेर पडलेला क्लाऊनफिश शिकाऱ्याच्या तोंडी जातो. तिथे हरलेल्याला जायला सुरक्षित जागा नाही, म्हणून हरण्याची वेळच येऊ नये अशी रीत रुजली आहे.

टाकीसाठी यातून थेट सल्ला निघतो. दोन लहान पिल्लं घ्यावीत, एक स्पष्ट मोठं, एक लहान. मोठं मादी होईल, लहान नर राहील. दोन पूर्ण वाढलेले, सारख्या आकाराचे क्लाऊनफिश एकत्र ठेवले तर दोघीही माद्या असण्याची शक्यता मोठी आणि माद्या तडजोड करत नाहीत. जोडी जमल्यावर तिसरा आणू नये. लहान मासा मोठ्यासमोर अंग थरथरवतो, ते आजाराचं लक्षण समजून घाबरू नये. ती शरणागतीची खूण आहे आणि ती दिसली म्हणजे घडी बसते आहे. मंडपमच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रात आणि आपल्याकडे ऐरोलीला मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनच्या केंद्रात क्लाऊनफिशची पैदास झाली आहे. मिळतील तेव्हा असे पैदास केलेले मासेच घ्यावेत. त्यांना टाकीची सवय असते आणि समुद्रातून मासा उचलावा लागत नाही.

थव्याने राहणाऱ्या माशांबद्दल मात्र सावध राहावं. हिरवे क्रोमिस समुद्रात मोठ्या थव्यांत दिसतात, म्हणून लोक पाच-सहा आणतात. लहान टाकीत ते एकेकाला हेरून मारतात आणि शेवटी एक-दोनच उरतात. बंगाई कार्डिनलमध्ये जोडी जमली की ती बाकीच्यांना हुसकावते. समुद्रात थवा टिकतो, कारण दबलेला मासा कडेला सरकू शकतो. टाकीला अशी कडच नसते.

लपायला जागा, पळायला वाट

खडकांची रचना टाकीत पाणी भरण्याआधीच विचारपूर्वक करावी. मागच्या काचेला टेकलेली एकच भिंत रचली तर एक दांडगा मासा एका नजरेत सगळ्यांवर लक्ष ठेवतो. त्याऐवजी दोन वेगळे ढीग करावेत, मध्ये वाळूचा मोकळा पट्टा ठेवावा आणि एका ढिगाआड गेलेला मासा दुसऱ्यावरून दिसणार नाही असं पाहावं. पाठलाग बहुतेकदा नजरेने चालतो; नजर तुटली की पाठलागही तुटतो.

प्रत्येक गुहेला दोन तोंडं असावीत. एकाच तोंडाचं बीळ म्हणजे सापळा. दारात दांडगा उभा राहिला की आतला उपाशी मरतो. माशांच्या संख्येपेक्षा बिळं जास्त असावीत. दिवे मालवण्याच्या सुमारास भांडणं वाढतात, कारण प्रत्येकाला झोपायची जागा हवी असते. संध्याकाळी दहा मिनिटं टाकीसमोर बसून पाहिलं तर कोणाला बीळ मिळत नाही ते कळतं.

खडक म्हणून किनाऱ्यावरून प्रवाळाचे तुकडे उचलून आणू नयेत. भारतात कठीण प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. सिरॅमिकचे किंवा टाकीसाठी बनवलेले कृत्रिम खडक हेच काम उत्तम करतात.

खाण्याचीही अशीच वाटणी करावी. सगळं अन्न एका कोपऱ्यात पडलं तर तो कोपरा दांडग्याचा होतो. दोन टोकांना एकाच वेळी थोडं थोडं द्यावं, दिवसातून दोन-तीनदा. टँग असेल तर नोरीचे, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचे, तुकडे दोन क्लिपांना लावून टाकीच्या दोन बाजूंना टांगावेत. एकाला दोन्हीकडे पहारा देता येत नाही.

नवा मासा सोडताना

नव्या माशाला आधी वेगळ्या क्वारंटाइन टाकीत ठेवायचं ते फक्त रोगासाठी नाही. तिथे तो खायला शिकतो, अंग धरतो आणि मुख्य टाकीत उपाशी, थकलेला असा जात नाही.

मग भोकं असलेली पारदर्शक पेटी मुख्य टाकीत टांगून त्यात त्याला तीन ते सात दिवस ठेवावं. मायरबर्ग आणि थ्रेशर यांची बाटली इथे आपल्या उपयोगी पडते. पेटीवर कोण धावून येतं, किती वेळ धडका देतं, कोण लक्षही देत नाही, हे सगळं उघड दिसतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी धडका थांबल्या तर मार्ग मोकळा. आठवडा उलटूनही एखादा मासा पेटी सोडत नसेल, तर नव्याला बाहेर सोडू नये.

सोडण्याच्या दिवशी खडकांची जागा थोडी बदलावी. टिंबर्गेनच्या प्रयोगाने दाखवलेलं जागेचं बळ त्यामुळे सगळ्यांचंच थोडं कमी होतं. जुन्यांनाही हद्दी नव्याने आखाव्या लागतात. आधी सगळ्यांना पोटभर खायला द्यावं, दिवे मंद करावेत आणि संध्याकाळी मासा सोडावा. जुने झोपायला गेलेले असतात. नव्याला रात्रभर टाकी समजून घेता येते. दोन-तीन नवे एकदम सोडले तर रोष एकट्यावर पडत नाही, पण तेवढा भार टाकीची गाळणयंत्रणा पेलते का हे आधी पाहावं.

टँग फारच धावत असेल तर बाहेरून काचेला आरसा लावतात. तो प्रतिबिंबाशी भांडत बसतो, नव्याला उसंत मिळते. पण आरशातला मासा कधीच माघार घेत नाही, म्हणून रोज थोडाच वेळ आरसा ठेवावा, नाहीतर टँग स्वतः थकून जातो.

याने भागलं नाही तर मार खाणाऱ्याऐवजी मारणाऱ्याला बाहेर काढावं. आठ-दहा दिवस तो वेगळ्या टाकीत राहिला, तेवढ्यात मागे खडक हलवले आणि इतर मासे स्थिरावले, की परत येताना तोच नवखा ठरतो. बऱ्याच वेळा एवढ्याने सगळं निवळतं.

कधी थांबू नये

पहिल्या एक-दोन दिवसांत पर ताठ करणं, आडवं होणं, छोटा पाठलाग हे सगळं चालायचंच. त्यात हात घालू नये. पाहायचं ते हरलेल्याकडे. तो खायला येतो का? येत असेल तर घडी बसते आहे. तो वरच्या कोपऱ्यात, पंपाच्या किंवा हीटरच्या आड लपलेला असेल, रंग उतरला असेल, पर फाटले असतील, श्वास जोरात चालू असेल आणि खाणं सुटलं असेल, तर उद्यापर्यंत थांबू नये. त्याच दिवशी वेगळं करावं.

इतकी घाई का, ते समुद्री माशाच्या शरीरात आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. माशाच्या रक्तात त्याच्या सुमारे एक तृतीयांश. त्यामुळे कल्ल्यांतून आणि त्वचेतून शरीरातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. मासा समुद्राचं पाणी पीत राहतो आणि कल्ल्यांवाटे जास्तीचे क्षार बाहेर टाकतो. या कामाला अहोरात्र ऊर्जा लागते. सततच्या भीतीने कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, हा तोल ढळतो, प्रतिकारशक्ती घटते. फाटलेली त्वचा पाणी आणखी गळू देते. मग क्रिप्टोकॅरिऑन या परजीवीमुळे होणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगासारखा आजार त्याला गाठतो. मृत्यूचं कारण रोग दिसतं. मुळात मात्र त्या माशाला कित्येक दिवस विसावा मिळालेला नसतो.

काही जोड्या कशानेही जमत नाहीत. तेव्हा एका माशाला दुसरं घर शोधून द्यावं. दुकानात परत करावा किंवा मोठी टाकी असलेल्या एखाद्याला द्यावा. समुद्रात किंवा खाडीत मात्र कधीही सोडू नये. हिंदी-प्रशांत महासागरातला लायनफिश १९८० च्या दशकात फ्लोरिडाजवळ दिसू लागला आणि पुढे कॅरिबियनभर पसरून त्याने तिथले लहान मासे फस्त केले. त्याचा उगम पाळणाऱ्यांनी सोडलेल्या माशांत असल्याचं मानलं जातं. एका माशावरची दया साऱ्या किनाऱ्याला भोवू शकते.

म्हणून पहिला मासा विकत घेण्याआधी मोठ्या टाकीशेजारी एक छोटी रिकामी टाकी, स्पंज फिल्टर आणि हीटर तयार ठेवावा. पुष्कळांना हा खर्च अनावश्यक वाटतो, पण टाकीतल्या कुठल्याही सजावटीपेक्षा त्याचं मोल जास्त आहे. खडकावर हरलेला मासा स्वतः निघून जातो. काचेमागे त्याला निघून जाता येत नाही, तेव्हा ते काम ज्याने काच उभी केली त्याचं आहे आणि त्याची तयारी भांडण सुरू होण्याआधीच असायला हवी.